दारूगोळा कुणाला विकायचा, हे कोण ठरवते? परराष्ट्र व संरक्षण धोरणात मानवी हक्कांची बाजू मांडणाऱ्या संस्था

देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीचा २००० यार्डांचा रेड झोन तळवड्यापर्यंत येतो. घर बांधायचे, गुंठाभर जागा घ्यायची, बँकेत कर्जाला अर्ज करायचा, की हा शब्द कानावर पडतोच. त्यामागचा कायदा आहे १९०३ सालचा, ब्रिटिशांचा 'वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट'. म्हणजे संरक्षण धोरण ही दिल्लीत ठरणारी लांबची गोष्ट आहे, असे तळवडे, रुपीनगर, निगडी, किवळेच्या माणसाला म्हणता येत नाही. ते त्याच्या सातबाऱ्यावर येऊन बसलेले आहे.

आणि याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. आज दर २५ डिसेंबरला धर्मभूमीवर मोठी गर्दी होते. तिथून जवळच आहे ऑर्डनन्स फॅक्टरी देहूरोड. ती आता 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या केंद्र सरकारच्या कंपनीचा भाग आहे आणि या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे.

हा लेख मूर्ती आणि कारखाना यांच्यातल्या विसंगतीवर टाळ्या मिळवण्यासाठी नाही. प्रश्न व्यवहाराचा आहे. आपल्या भागात बनणारा दारूगोळा परदेशात विकला जाऊ लागला आहे. तो कोणत्या सरकारला विकावा आणि कोणाला विकू नये, यावर नागरिकांना काही बोलता येते का? जगभर आणि आपल्या देशातही काही ना-नफा संस्था हेच काम करतात. त्या कशा काम करतात, कुठे अडतात आणि कुठे यश मिळवतात, याची माहिती आपल्या तरुण कार्यकर्त्यांना असावी.

काम नेमके कोणते

मानवी हक्क म्हटले की आपल्याला ॲट्रॉसिटीचा गुन्हा, पोलीस कोठडी, मोर्चा, जामीन हे आठवते. ते बरोबरच आहे. पण सरकार सीमेबाहेर जे करते त्यातूनही माणसांचे हक्क सांभाळले जातात किंवा तुडवले जातात. कोणत्या राजवटीला शस्त्रे द्यायची, निर्वासितांना थारा द्यायचा की परत पाठवायचे, संयुक्त राष्ट्रांत मत कुठे टाकायचे, परदेशी तुरुंगातल्या आपल्या मजुराची चौकशी करायची की नाही, हे सगळे परराष्ट्र आणि संरक्षण धोरण आहे. त्यावर पाठपुरावा करणाऱ्या संस्था साधारण चार प्रकारे काम करतात: माहिती गोळा करणे, खासदार आणि मंत्रालयांपुढे मागणी मांडणे, न्यायालयात जाणे आणि कामगार संघटनांना सोबत घेणे.

बाबासाहेबांनी हा विषय कधी परका मानला नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तो हिंदू कोड बिलामुळे, एवढेच आपण सांगतो. १० ऑक्टोबर १९५१ च्या त्यांच्या निवेदनात परराष्ट्र धोरण हेही एक कारण आहे. देशाच्या ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलातले १८० कोटी लष्करावर खर्च होतात, हा आकडा त्यांनी तिथे मांडला आणि असे का, याचा शोध परराष्ट्र धोरणात घेतला. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी तिबेटच्या संदर्भात पंचशील करारावर टीका केली. 'पंचशील' हा आपल्याच परंपरेतला शब्द. पण त्या शब्दाच्या मोहात न पडता त्यांनी करार तपासला, हे विसरू नये.

खडकीहून परदेशात: परवान्याची वाट

१ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे १२ कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे गेले. त्यातले ६ महाराष्ट्रात आहेत: खडकीचे दोन, देहूरोड, वरणगाव, भंडारा आणि भद्रावतीजवळचा चांदा. कंपनी झाली की निर्यात वाढवणे हे उद्दिष्ट होतेच. २०१३-१४ मध्ये देशाची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपये होती. २०२३-२४ मध्ये ती २१,०८३ कोटी आणि २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीला लघुउद्योगांसाठी संरक्षण साहित्याचे मोठे प्रदर्शन भरले, ते याच वाटचालीतले. तळवडे, भोसरी, चाकणच्या शेडमध्ये गाडीचे सुटे भाग करणाऱ्या उद्योजकाला आता लष्करी साहित्याच्या ऑर्डरची स्वप्ने दाखवली जातात.

परदेशात शस्त्र पाठवायला १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली परवानगी लागते. त्यासाठी 'स्कोमेट' नावाची नियंत्रित वस्तूंची यादी आहे. तिच्या सहाव्या विभागात दारूगोळा व लष्करी साहित्य येते आणि त्याची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. घेणारा कोण, वापर कशासाठी, माल वाटेत दुसऱ्याच्या हाती पडेल का, दहशतवाद्यांकडे जाईल का, हे तपासले जाते. घेणाऱ्या देशाकडून 'अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र' घेतले जाते. पण त्या देशाचे सैन्य आपल्याच लोकांवर किंवा दुसऱ्या देशातल्या सामान्य नागरिकांवर बॉम्ब टाकते का, हा निकष या नियमांत स्वतंत्रपणे लिहिलेला नाही. सगळी गाठ इथे आहे.

युरोपीय संघाच्या २००८ च्या सामाईक नियमांत मानवी हक्कांचा निकष लेखी आहे. अमेरिकेत सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा गंभीर अत्याचार करणाऱ्या परदेशी लष्करी तुकड्यांना मदत देण्यास मनाई करतो. (तो पाळला किती जातो, हा वेगळा विषय. पण लेखी नियम असला की निदान तो मोडल्याचे सिद्ध करता येते.) संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एप्रिल २०१३ मध्ये शस्त्र व्यापार करार १५४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. २३ देश तटस्थ राहिले, त्यात भारत होता. आजही भारत त्या करारात नाही.

२०२४ ची याचिका आणि तिचे उत्तर

गाझामधील युद्ध सुरू असताना इस्रायलला शस्त्रे पाठवण्याचे परवाने रद्द करावेत आणि नवे देऊ नयेत, अशी याचिका २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. निवृत्त सनदी अधिकारी अशोक कुमार शर्मा यांच्यासह ११ जण याचिकाकर्ते होते. ज्याँ द्रेझ, हर्ष मंदर हीही त्यातली नावे. वकील होते प्रशांत भूषण. निर्यातीचा परवाना मिळाल्याचे सांगत याचिकेत ज्या तीन कंपन्यांचा उल्लेख होता, त्यात पुण्याची म्युनिशन्स इंडिया होती. बाकीच्या दोन खाजगी. पुण्याच्या वर्तमानपत्रांत याला कोपऱ्यातली जागा मिळाली.

याचिकेचा आधार तीन गोष्टींचा होता. एक, संविधानाचे अनुच्छेद १४ आणि २१, आणि त्यांच्या जोडीला अनुच्छेद ५१, जो आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवायला राज्याला सांगतो. दुसरी, भारताने १९५९ मध्ये मान्य केलेला वंशसंहारविरोधी करार. तिसरी, दक्षिण आफ्रिकेच्या तक्रारीवर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ जानेवारी २०२४ रोजी दिलेला अंतरिम आदेश.

९ सप्टेंबर २०२४ रोजी याचिका फेटाळली गेली. खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. (त्यांचे मूळ गाव कनेरसर, चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातले.) परराष्ट्र व्यवहार हा कार्यपालिकेचा प्रांत आहे, इस्रायल हे सार्वभौम राष्ट्र आहे, त्याच्या वर्तनाबद्दल इथे निष्कर्ष काढता येणार नाही, कंपन्यांचे करार मोडले तर त्याचे परिणाम होतील, अशी कारणे न्यायालयाने दिली. पण त्याच आदेशात एक गोष्ट नोंदली आहे, तिच्याकडे कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे. निर्यात थांबवायची असे सरकारला वाटले तर परकीय व्यापार कायदा आणि सीमाशुल्क कायदा यांखाली त्याच्याकडे अधिकार आहेत, असे न्यायालय म्हणते. म्हणजे कायद्याचे हत्यार आहे, ते वापरायचे की नाही हा राजकीय निर्णय आहे. राजकीय निर्णयासाठी राजकीय दबाव लागतो.

माझे मत असे की, ही याचिका हरणार हे दाखल करतानाच दिसत होते. तरी ती निरर्थक नव्हती. कोणती कंपनी, कोणती तारीख, कोणता परवाना, हे तिच्यामुळे एका जागी नोंदले गेले.

नेदरलँड्समध्ये अशाच खटल्यात वेगळे घडले. ऑक्सफॅम नोविब, पॅक्स आणि द राइट्स फोरम या तीन संस्थांच्या दाव्यावर हेगच्या अपील न्यायालयाने १२ फेब्रुवारी २०२४ रोजी एफ-३५ विमानांच्या सुट्या भागांची इस्रायलला होणारी निर्यात सात दिवसांत थांबवायला सरकारला सांगितले. सरकार वरच्या न्यायालयात गेले, तो भाग निराळा. ब्रिटनमध्ये 'कॅम्पेन अगेन्स्ट आर्म्स ट्रेड' ही १९७४ पासूनची संस्था. तिच्या दाव्यावर जून २०१९ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की, सौदी अरेबियाने येमेनमध्ये आधी युद्धनियम मोडले का, याची तपासणी न करताच परवाने देणे बेकायदा होते. दोन्ही ठिकाणी न्यायाधीश आपल्याकडच्यांपेक्षा धाडसी होते, असे म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्यासमोर लेखी निकष होता. आपल्याकडे तो नाही, म्हणून पहिली मागणी तो लिहून घेण्याची असायला हवी.

ज्या देशातून मूर्ती आली

आता देहूरोडच्या मूर्तीकडे परत येऊ. ती ज्या ब्रह्मदेशातून आली तो आजचा म्यानमार. तिथे १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले. त्याआधी २०१७ मध्ये याच लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. लष्कर स्वतःला बौद्ध धर्माचे रक्षक म्हणवते. २००७ मध्ये याच लष्कराने रस्त्यावर उतरलेल्या भिक्खूंवर गोळ्या झाडल्या होत्या.

संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्रयूज यांनी मे २०२३ मध्ये एक अहवाल दिला. लष्करी उठावानंतर म्यानमारच्या लष्कराला किमान एक अब्ज डॉलरची शस्त्रे आणि ती बनवण्याची सामग्री मिळाली, असे त्यात दाखवले आहे. रशियातून ४०.६ कोटी, चीनमधून २६.७ कोटी, सिंगापूरमधून २५.४ कोटी, भारतातून ५.१ कोटी आणि थायलंडमधून २.८ कोटी डॉलर. भारताच्या आकड्यात सरकारी कंपन्यांचाही वाटा आहे. 'जस्टिस फॉर म्यानमार' या गटाने तर नागपूरला मुख्यालय असलेल्या यंत्र इंडिया या सरकारी कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये तोफांच्या नळ्या पाठवल्याचे कागदपत्रांच्या आधारे सांगितले. नागपूर, म्हणजे दीक्षाभूमीचे शहर. जून २०२१ मध्ये आमसभेने म्यानमारकडे शस्त्रांचा ओघ रोखा असा ठराव ११९ मतांनी केला, तेव्हाही भारत तटस्थ होता.

या अहवालाचा पुढचा भाग फार कमी लोकांना माहीत आहे. सिंगापूर सरकारने त्यातल्या नोंदींवरून चौकशी केली. वर्षभरात सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून जाणारा माल सुमारे ९० टक्क्यांनी घटला, हे अँड्रयूज यांनीच २०२४ च्या अहवालात नोंदवले. मोर्चा नाही, खटला नाही. जहाजाच्या नोंदी, बँकेचे व्यवहार आणि कंपन्यांची नावे नीट जुळवून मांडली, एवढेच.

आपण बौद्ध म्हणून तिबेटबद्दल बोलतो, महाबोधी विहाराच्या मुक्तीबद्दल बोलतो, ते बोललेच पाहिजे. म्यानमारबद्दल मात्र आपल्या सभांमधून एक अवघडलेली शांतता असते. अत्याचार करणारे स्वतःला बौद्ध म्हणवतात आणि मार खाणाऱ्यांत मुस्लीम आहेत, म्हणून ती शांतता आहे का? हा प्रश्न मी आपल्याच लोकांना विचारतो आहे. तिथे मार खाणाऱ्यांत भिक्खू आहेत, चिन आणि करेन आहेत, विद्यार्थी आहेत.

पोटाचा प्रश्न

देहूरोड, खडकीच्या कारखान्यांत आणि डेपोंत आपली किती घरे वाढली, हे सांगायला नको. अंगुत्तर निकायातल्या वणिज्जा सुत्तात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत; त्यात शस्त्रांचा व्यापार पहिला. मग कारखान्यात काम करणारा उपासक दोषी का? मला तसे वाटत नाही. सुत्त व्यापाराबद्दल बोलते. पाळीवर जाऊन मशीन चालवणारा कामगार कोणाला माल विकायचा हे ठरवत नाही. शिवाय आंबेडकरी चळवळ काही सैन्यविरोधी नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. देशाच्या रक्षणासाठी दारूगोळा बनवणे आणि कोणत्याही राजवटीला तो विकून निर्यातीचा आकडा फुगवणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवूनच बोलले तर कामगार आपले ऐकेल.

कामगाराचे हक्कही याच विषयात येतात. ऑर्डनन्स कारखान्यांच्या कंपनीकरणाला कामगार संघटनांनी विरोध केला तेव्हा २०२१ मध्ये सरकारने आधी अध्यादेश आणि मग 'अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा' आणून संपावर बंदी घातली. या विरोधातली मोठी संघटना, ऑल इंडिया डिफेन्स एम्प्लॉइज फेडरेशन, हिचे कार्यालय खडकीच्या एस. एम. जोशी भवनात आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचा बळी गेला. आणि स्फोटक पदार्थ म्हणजे काय, हे तळवड्याला ८ डिसेंबर २०२३ ला कळलेच आहे. वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडला आग लागली आणि त्यात गेल्या त्या बहुतेक बाया होत्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बंदर कामगारांच्या वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशन ऑफ इंडिया या संघटनेने जाहीर केले की, इस्रायलला जाणारी शस्त्रे ११ मोठ्या बंदरांतले तिचे ३,५०० सभासद हाताळणार नाहीत. मे महिन्यात चेन्नईहून हैफाला स्फोटके घेऊन निघालेल्या एका जहाजाला स्पेनने आपल्या बंदरात थांबू दिले नाही. कामगार संघटनेचा ठराव आणि एका देशाचे धोरण अशी दोन टोके या साखळीत जोडली जाऊ शकतात.

महाराष्ट्रातले जुने काम

हा विषय आपल्याकडे नवा नाही. नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करत राहिले आणि भारत-पाकिस्तान शांततेसाठी काम करत राहिले. २००४ मध्ये त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मार्च २०२४ मध्ये ते वारले. आयुष्य गणवेशात काढलेल्या माणसाने अण्वस्त्रांना विरोध करावा, याचे वजन वेगळेच असते.

ते ज्या 'पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम'मध्ये होते त्या वर्तुळाने वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेला एक विषय म्हणजे मच्छीमार. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे पालघर जिल्ह्यातले आदिवासी समुद्रात हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून कराचीच्या तुरुंगात पडतात. शिक्षा संपते, सुटका होत नाही. घरी बाईला नवरा जिवंत आहे की नाही हेही कळत नाही. मे २००८ मध्ये दोन्ही देशांत करार झाला. त्याप्रमाणे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. संबंध कितीही बिघडोत, बहुतेक हा कागद जातो. त्या यादीवरूनच डहाणू, तलासरीच्या कुटुंबांसाठी सुटकेची मागणी नावानिशी करता येते.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. १९९३ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार सशस्त्र दलांबाबतच्या तक्रारीत आयोग केंद्राकडून अहवाल मागवू शकतो आणि शिफारस करू शकतो. स्वतः चौकशी करू शकत नाही.

आपल्या भागातून काय करता येईल

संस्था काढायची तर सोसायटी नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० पुरेसे आहेत. परदेशी देणगीच्या भरवशावर या विषयात उतरू नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीचा कायदा फार कडक झाला आहे आणि बँक खाती गोठवल्यावर ॲम्नेस्टीला सप्टेंबर २०२० मध्ये भारतातले काम बंद करावे लागले. विहारातल्या वर्गणीवर चालणारा पाच-सहा जणांचा अभ्यासगट जास्त टिकतो.

खासदार हा दुसरा दरवाजा. तळवडे शिरूर लोकसभा मतदारसंघात येते, देहूरोड मावळमध्ये. दोन खासदारांकडे एकाच आशयाचा लेखी प्रश्न गेला तर तो उठून दिसतो. कोणत्या देशाला काय विकले हे विचारल्यावर संरक्षण मंत्रालय अनेकदा धोरणात्मक संवेदनशीलतेचे कारण देऊन नावे टाळते. म्हणून प्रश्न नियमाबद्दल विचारावा: निर्यातीची परवानगी देताना घेणाऱ्या देशातल्या मानवी हक्कांच्या स्थितीचा विचार होतो का, होत असल्यास कोणत्या लेखी निकषाने, आणि त्या कारणाने आजवर किती अर्ज नाकारले?

तोच प्रश्न माहिती अधिकारात टाकता येतो. म्युनिशन्स इंडिया ही सरकारी कंपनी असल्याने तिला हा कायदा लागू आहे. कलम ८(१)(क) खाली सुरक्षेचे आणि ८(१)(घ) खाली व्यापारी गुपिताचे कारण देऊन नकार येईल, हे धरून चाला. अर्जातच कलम ८(२) चा उल्लेख करा. लोकहित मोठे असेल तर सूट बाजूला ठेवता येते असे ते कलम सांगते. नकार आला तर तोही जपून ठेवा, पुढच्या अपिलात आणि खासदाराच्या टेबलावर तोच लागतो. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील आणि ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे. पहिल्या अर्जाचा पत्ता पुण्याचाच आहे.